रे रोड: गोदीकडे तोंड करून उभं राहिलेलं स्टेशन

गोदीवाला

मुंबईत हार्बर लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांना विचारून बघा, रे रोडला कधी उतरलात का? बहुतेक जण "तिथे कशाला उतरायचं?" असं उलट विचारतात. सीएसएमटी सोडल्यावर मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड आणि मग हे चौथं. दोन रूळ, दोन फलाट, आणि हार्बरवर क्वचितच दिसणारी चीज म्हणजे रिकामा बाक.

पण एकेकाळी हे शेवटचं स्टेशन होतं. १२ डिसेंबर १९१० ला जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वज कंपनीने, कुर्ल्याहून हार्बर शाखा सुरू केली ती रे रोडपर्यंतच. पुढे व्हीटीला (आजच्या सीएसएमटीला) जायला रूळच नव्हते. १९२५ च्या फेब्रुवारीपर्यंत, चौदा वर्षं, कुर्ल्याहून निघालेली वाफेच्या इंजिनाची गाडी इथे येऊन संपायची.

आता कोणी म्हणेल, ही कसली अर्धवट लाइन? कुर्ल्याच्या माणसाला जायचंय फोर्टात आणि गाडी त्याला सोडते रे रोडला! पण ती कुर्ल्याच्या माणसासाठी काढलेलीच नव्हती. आजूबाजूला तेव्हा काय चाललं होतं ते बघा. १९०८ ते १९१२ या काळात पोर्ट ट्रस्ट माझगाव ते शिवडी समुद्र हटवून ५०० एकरांहून जास्त जमीन उभी करत होता. १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक (आजचा इंदिरा डॉक) सुरू झाला. १ जानेवारी १९१५ ला पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे धावायला लागली, बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत. हार्बर शाखा ही या सगळ्या पसाऱ्यातली एक कडी. गोदामांत, वखारींत, बंदरांत राबणाऱ्या माणसांना आणून सोडायचं, एवढं तिचं काम. लाकूड लकडी बंदरात, कौलं कौला बंदरात, गवत 'हे' बंदरात (इंग्रजी 'हे' म्हणजे गवतच), कोळसा कोळसा बंदरात. बंदरांच्या नावांतच मालाची यादी आहे.

व्हीटीपर्यंत रूळ नेणं हे तेव्हा सोपं नव्हतंच. मधे माझगाव आणि डोंगरीची दाट वस्ती. शेवटी रूळ खांबांवर चढवले. आजही डॉकयार्ड रोड सोडलं की गाडी घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या बरोबरीने जाते. सँडहर्स्ट रोडला तर खाली मेन लाइन आणि वर हार्बर असं दुमजली स्टेशनच झालं. तिथल्या खांबांवर 'जीआयपीआर १९२१' आणि ग्लासगोच्या कारखान्याचं नाव ओतलेलं आहे, थांबून वाचा कधीतरी. रंगाचे थर चढून चढून अक्षरं बुजत चालली आहेत.

३ फेब्रुवारी १९२५ ला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी व्हीटी ते कुर्ला ही विजेवरची पहिली गाडी सोडली. देशातली पहिली! ती मेन लाइनवरून नाही, हार्बरवरून गेली. म्हणजे भारतात विजेच्या गाडीचा धक्का ज्या पहिल्या काही फलाटांना बसला, त्यात रे रोड आहे. शंभरी झाली तेव्हा सीएसएमटीचे फोटो सगळीकडे झळकले. रे रोडला कोणी हारही घातला नसेल.

मुद्दा एवढाच, की "रे रोड ओस पडलंय, रेल्वेचं दुर्लक्ष" असं जे ऐकू येतं ते मला अर्धंच पटतं. या स्टेशनच्या पूर्वेला पोर्टची जमीन आणि पलीकडे समुद्र. तिथे घरं बांधायची नव्हतीच कधी. बाकीच्या स्टेशनांना दोन बाजू असतात, याला खऱ्या अर्थाने एकच. दुसऱ्या बाजूला होता माल. माल गेला आणि स्टेशन एका अंगाने लुळं पडलं.

जाणकारांनी भर घालावी.

रोकठोक

लेख आवडला, निष्कर्ष नाही. दुर्लक्ष आहेच. वारसा यादीत भायखळा, वांद्रे या स्टेशनांच्या पंगतीत रे रोडचं नाव आहे ना? मग भायखळ्याला जी डागडुजी झाली तिच्या पावपट तरी इथे दिसते का? दर्शनी दगडी कमानींवर वायरींचं जाळं, मधे पत्र्याचे तुकडे. समुद्राने सांगितलं होतं का वायरी टाका म्हणून? :)

शिवडीची_सुमन

वाचतेय. सँडहर्स्ट रोडच्या खांबांचं माहीत नव्हतं. उद्याच बघते.

घोडपदेवकर

आम्ही एका बाजूचे का होईना, पण आहोत हो! आमची तिसरी पिढी रे रोडवरूनच चढते. आजोबा गोदीत, वडील गिरणीत आणि मी बेलापूरला हापिसात. तिघांचं स्टेशन एक, पण आजोबा चढायचेच नाहीत, चालत जायचे, आणि मला पाऊण तास उलट्या दिशेने जावं लागतं. मुंबईचा रोजगार कुठून कुठे सरकला ते आमच्या घरातच दिसतं.

आणि ओस वगैरे काही नाही. सकाळी साडेआठला घोडपदेवच्या बाजूने या. शाळेची पोरं, जेजेला निघालेल्या नर्सा, सीवूडला जाणारी कॉलसेंटरवाली मुलं. गर्दी कुर्ल्यासारखी नसते एवढंच. ते आमचं भाग्य आहे, त्याला कृपया 'लुळं' म्हणू नका.

गोदीवाला साहेब, एक मात्र खरं बोललात. पूर्वेचा जिना उतरलं की वेगळंच जग लागतं. दारूखान्यात, म्हणजे जहाजं तोडायच्या आणि त्यांचं भंगार विकायच्या भागात, शिरलात की जहाजाचे साखळदंड माणसाच्या मांडीएवढे जाड. एकेक कडी उचलायला दोघं लागतात. त्याच्या शेजारच्या दुकानात गोल खिडक्यांची पितळी चौकट, लाइफ जॅकेटचे ढीग, जहाजाच्या खानावळीतल्या कपबशा डझनावारी. आमच्या घरात ज्या कपात चहा पितो त्यावर कुठल्यातरी परदेशी कंपनीचा नांगर छापलाय.

पेठेतला_पेशवा

मुंबईकरांच्या धाग्यात पुण्याने नाक खुपसू नये हे मान्य, पण लॉर्ड रे म्हटलं की आम्हाला बोलावंच लागतं. मुंबईचा गव्हर्नर, १८८५ ते १८९०. गंमत म्हणजे जन्म हेगचा, वाढला हॉलंडात, तिथल्या संसदेत बसला आणि १८७७ ला ब्रिटिश नागरिक झाला. पुढे ब्रिटिश अकॅडमीचा पहिला अध्यक्ष. तुमचं व्हीजेटीआय (अभियांत्रिकी कॉलेज) १८८७ चं, त्याच्याच काळातलं.

आणि आमची मंडई? तिचं मूळ नाव रे मार्केट. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या मंडईवर एवढा पैसा उधळायला विरोध केला होता. गरिबांच्या शिक्षणाकडे बघा आधी, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई नाव मिळालं! असा काव्यात्म न्याय फक्त पुण्यातच होतो. (हे वाक्य वाचून कोणीतरी चिडणार, त्याच्यासाठीच लिहिलंय.)

रोकठोक

चिडलो. पुढे?

डीसीप्रेमी

@गोदीवाला, विजेबद्दल थोडं.

१९२५ ला जी वीज आली ती १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. पुढची जवळजवळ ९१ वर्षं हार्बर त्याच विजेवर चालली. पश्चिम रेल्वे आणि मध्यची मेन लाइन हळूहळू २५ हजार व्होल्ट एसीवर (दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर, वातानुकूलित नव्हे) गेली आणि हार्बर उरली शेवटची. एप्रिल २०१६ मध्ये ९ तारखेच्या रात्री कुर्ल्याहून शेवटची डीसी लोकल सुटली, दिवे लावून, माळा घालून, आणि दुसऱ्या दिवसापासून एसी. जिथे डीसी जन्मली तिथेच मेली.

ज्यांनी जुन्या डीसी गाड्यांतून प्रवास केलाय त्यांना तो आवाज आठवत असेल. गाडी सुटताना खालून कण्हल्यासारखा एक सूर चढत जायचा, मग 'खट्' आणि पुढचा टप्पा. फलाटावर डोळे मिटून उभं राहिलं तरी कुठली गाडी आली ते कळायचं. एसी गाड्या गपचूप सुटतात. गाणारी मोटर आता नव्या बनावटीच्या गाड्यांना, पण ते गाणं वेगळं.

एसीमुळे फायदा काय झाला हे विचाराल तर मोठा. डीसीला व्होल्टेज कमी म्हणून करंट प्रचंड लागतो, तारा जाड, सबस्टेशनं जवळजवळ. त्यात नऊ डब्यांच्या बारा डब्यांच्या गाड्या करायच्या म्हणजे आणखी ओढ. हार्बरवर बारा डबे आले ते याच २०१६ साली, आणि त्यासाठी फलाट वाढवायला लागले. रे रोडच्या फलाटाचं टोक बघा, जुना दगड कुठे संपतो आणि नवं काँक्रीट कुठे सुरू होतं ते चालताना पायाला कळतं.

रे रोडवर छप्पर पेलणारे लोखंडी खांब आहेत त्यांच्या वरच्या नक्षीला तरी कोणी रंग फासताना जरा जपून फासावं.

वेंगुर्ल्याची_वेणू

या पट्ट्याबद्दल बोलताना आमच्या कोकणाला विसरू नका. डॉकयार्ड रोड आणि रे रोडच्या मधल्या किनाऱ्यावर भाऊचा धक्का. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, ज्यांनी १८४१ ला मूळ धक्का बांधला. रस्ते धड नव्हते तेव्हा चाकरमानी बोटीने यायचा, डोक्यावर ट्रंक, काखोटीत फणस. माझी आजी सांगायची, बोटीतून उतरलं की पाय जमिनीवरही डुलायचे.

१७ जुलै १९४७ ची 'रामदास' बोट तर कोकणातल्या जुन्या माणसांच्या अजून तोंडी आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, गटारीच्या अमावस्येचा दिवस, घरी जायला निघालेली माणसं खच्चून भरलेली. काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आमच्या आळीत एका घरात तेव्हापासून गटारी कधीच केली नाही.

आणि रे रोडच्या त्या रस्त्याचं आताचं नाव बॅरिस्टर नाथ पै मार्ग. आमच्या वेंगुर्ल्याचे नाथ पै! गव्हर्नरच्या नावाचा रस्ता आमच्या खासदाराचा झाला, स्टेशन मात्र गव्हर्नरचंच राहिलं.

गोदीवाला

वेणूताई, मस्त भर. काशाच्या खडकाचं वाचून गप्प झालो.

घोडपदेवकर, 'लुळं' शब्दावरची तक्रार मंजूर, पण मुद्दा सोडत नाही. तुम्हीच लिहिलंत ना, आजोबा चढायचेच नाहीत. तेच म्हणतोय मी. या स्टेशनात तेव्हा लोक उतरायला यायचे, कामाला. आता लोक चढतात, दुसरीकडे कामाला जायला. सकाळच्या वर्दळीची दिशाच उलटली.

कशी उलटली ते बघा. २६ मे १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं. कंटेनर तिकडे वळले, कारण इथे गोदीच्या तोंडाशी शहर चिकटलेलं, ट्रक उभा करायला जागा नाही. दाण्याचा घाऊक बाजार मशीद बंदरातून वाशीला. लोखंडबाजार कळंबोलीला न्यायचा म्हणून तिथे अख्खी स्टील मार्केट वसवली, इथले बरेच व्यापारी गेले, काही अजून गेले नाहीत म्हणून दारूखाना जिवंत आहे. त्याच्या आधी १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप, त्याने घोडपदेव-काळाचौकीच्या बाजूचा कणा मोडला. म्हणजे पश्चिमेची गिरणी गेली आणि पूर्वेचा माल गेला, आणि मधे हे स्टेशन.

टोरांटोकर

बाहेर राहून या गोष्टी जास्त खेचतात. दारूखान्यात विक्रांत तोडली ना हो? बाबांनी बातमीचं कात्रण पाठवलं होतं.

घोडपदेवकर

हो, इथेच. १९६१ ला नौदलात आली, ७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात गाजली, ९७ ला निवृत्त. मग बरीच वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय होती. संग्रहालय चालवायचा खर्च पेलवेना, न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, आणि शेवटी २०१४ ला दारूखान्यात आणून नोव्हेंबरमध्ये तोडायला सुरुवात. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून धूर दिसायचा गॅसकटिंगचा. लोकं रविवारी मुलांना घेऊन जायची लांबून दाखवायला. तिचं पोलाद एका दुचाकी कंपनीने घेऊन २०१६ ला त्याची मोटारसायकल काढली, 'व्ही' नावाची. आमच्या चाळीत एकाने घेतली. पार्किंगला कोणी हात लावला की ओरडतो, "युद्धनौका आहे ती!"

पेठेतला_पेशवा

हा प्रतिसाद धाग्याचा मानबिंदू :D

रोकठोक

नावाचं काय झालं पण? जुलै २०२४ मध्ये विधिमंडळात ठराव झाला ना? रे रोडचं घोडपदेव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, करी रोडचं लालबाग वगैरे. केंद्राची मोहोर लागेपर्यंत पाट्या जुन्याच. तोपर्यंत भांडायला वेळ आहे. कोण कुठल्या बाजूने?

घोडपदेवकर

मी अर्थातच बदलाच्या बाजूने. आमच्या वस्तीचं नाव घोडपदेवाच्या शिळेवरून, शेंदूर फासलेली ती शिळा गव्हर्नर जन्मायच्या आधीपासून इथे आहे. आम्ही रिक्षा-टॅक्सीवाल्याला "रे रोड" म्हणतो तेव्हा तो नेमका पुलापलीकडे गोदीकडे सोडतो. स्टेशनला गाव चिकटलेलं नाही हे गोदीवाल्यांचं म्हणणं, त्यामागे नावाचाही थोडा हात आहे.

शिवडीची_सुमन

कॉटन ग्रीनच्या बाबतीत मात्र मी विरोधात. ते नाव कुठल्या साहेबाचं नाही, कामाचं आहे. कापसाचा बाजार आधी फोर्टात, आताच्या हॉर्निमन सर्कलच्या मोकळ्या जागेत, मग कुलाब्यात, आणि १९२० च्या दशकात आमच्या बाजूला आला. बाजार सरकत आला आणि नाव सोबत घेऊन आला. कापसाच्या गठड्यांना आग लागायची म्हणून गावाबाहेर, समुद्राकाठी ढकललं असं आमच्याकडे सांगतात. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा त्यातही दारूगोळ्यासोबत कापूसच होता. सोन्याच्या विटाही होत्या, त्या लोकांच्या छपरांवर पडल्या. घरात पडलेली वीट परत करणाऱ्याची गोष्ट तर सगळ्यांना पाठ.

काळाचौकी आमची जवळचीच, तिच्याबद्दल प्रेम आहे. पण 'कॉटन ग्रीन' पुसलं की पुढच्या पिढीला कापूस इथे कधी होता हे कोण सांगणार?

डीसीप्रेमी

सुमनताईंना अनुमोदन. साहेबांची नावं जाऊ देत, धंद्यांची ठेवा. 'डॉकयार्ड रोड'ही त्याच हिशेबात राहायला हवं. बाहेर पडलं की माझगाव डॉक, त्याहून नेमकं नाव कुठलं?

पेठेतला_पेशवा

आमच्या मंडईचा अनुभव सांगतो. नाव बदलून काही दशकं झाली की कोणी भांडत नाही, कारण सगळे नुसतं "मंडई" म्हणतात. तुमचंही "रे" एवढंच उरेल बघा.

गोदीवाला

नावावर माझं मत नाही, दोन्ही बाजू पटतात. मला काळजी त्या इमारतीची. आता या पट्ट्यावर चारही बाजूंनी बांधकाम आलंय. २०१३ ला ईस्टर्न फ्रीवे डोक्यावरून गेला. जानेवारी २०२४ ला शिवडीहून अटल सेतू सुरू झाला. मे २०२५ ला रे रोडचा केबलवर तोललेला नवा पूल उघडला. आणि पोर्टची रिकामी जमीन विकसित करायच्या योजना येतात, जातात, पुन्हा येतात. त्यातली एखादी खरंच उभी राहिली की पूर्वेला पहिल्यांदाच माणसं राहायला येतील. तेव्हा दोन फलाटांचं हे स्टेशन पुरणार नाही आणि कोणीतरी म्हणेल, पाडा आणि वर मॉल बांधा. @रोकठोक, तेव्हा तुमचं 'दुर्लक्ष' परवडलं असं म्हणायची वेळ येईल.

रोकठोक

हे मात्र पटलं. दुर्लक्षाने इमारत निदान उभी तरी राहिली.

टोरांटोकर

डिसेंबरमध्ये येतोय. बाबांना घेऊन हा सगळा पट्टा बघायचाय, ते आयुष्यभर वडाळ्याला राहिले पण कधी मधे उतरले नाहीत. कसं जावं? फोटो काढू देतात का?

गोदीवाला

सँडहर्स्ट रोडला वरच्या फलाटावर उतरा, खांब बघून घ्या. मग पुढची गाडी पकडून डॉकयार्ड रोड, तिथे टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. टिळकांच्या होमरूलवाल्या काका बाप्टिस्टांच्या नावाचं. तिथून बंदर, क्रेन आणि खाली वळणारी लोकल एकदम दिसते. वयस्कर माणसांना चढ झेपेल, सावकाश जा. तिथून रे रोड एकच स्टेशन. स्टेशनात मोबाईलने चार फोटो काढले तर कोणी हटकत नाही, मोठा कॅमेरा आणि स्टँड घेऊन गेलात तर आधी परवानगी काढा. गोदीच्या फाटकांपाशी मात्र फोटो नकोतच.

शिवडीची_सुमन

आणि डिसेंबर असेल तर शिवडीलाही उतरा. भरती-ओहोटीची वेळ बघून गेलात तर चिखलात फ्लेमिंगो दिसतील, सेतूच्या खांबांच्या आसपास अजून येतात.

घोडपदेवकर

रविवारी येऊ नका. एक तर हार्बरला मेगाब्लॉक, दुसरं म्हणजे दारूखान्यात निम्मी दुकानं बंद. शनिवारी सकाळी या आणि आधी कळवा. नांगरवाल्या कपात चहा पाजतो.